मोज्यांसकट वजन

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज प्रश्नावली पक्की झाली. सगळ्यांसमोर माझाच शब्द चालला, त्यामुळे मी खूश आहे. हे अधिकृत वहीत लिहिता येत नाही, म्हणून ही दुसरी वही.

तेजस्विनी माझी विद्यार्थिनी. नववी ब, पहिला बाक, शाईने बरबटलेली बोटं. आता मोठी डॉक्टर झाली आहे आणि सिन्नर तालुक्यातल्या सहा गावांत मुलींच्या आरोग्याचा अभ्यास करते आहे. तेरा ते सोळा वयाच्या शाळकरी मुलींना सात महिने लोहाच्या गोळ्या आणि शेंगदाण्याची चिक्की द्यायची. दर महिन्याला वजन घ्यायचं, बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा आणि फरक पडतो का ते बघायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं मी गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये कुंड्यांवर ओरडत होते, तेव्हा तिनेच फोन केला. "बाई, मला तुमच्यासारखं काटेकोर माणूस हवंय." मी आढेवेढे घेतले, पण दीड मिनिटच.

प्रश्नावलीत बासष्ट प्रश्न होते. एकोणिसावा, वैवाहिक स्थिती. विसावा, गरोदर आहे का. मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, दहावीतल्या पोरीला तिच्या आजीसमोर हे विचारायचं? दुसऱ्या दिवशी गावात पाऊल ठेवू देणार नाहीत आपल्याला. तेजस्विनी म्हणाली, "बाई, राहू द्यावेत का? पद्धत तशी आहे..." मी म्हटलं, "तेजू, चौतीस वर्षं शाळेत काढली आहेत मी." तिने दोन्ही प्रश्नांवर रेघ मारली आणि फॉर्मवर सरसकट 'अविवाहित' छापायला सांगितलं. चहाला सगळ्यांनी मला बिस्किटं आधी दिली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पहिलं वजन. नाशिकच्या द्वारका चौकातून एसटी, सिन्नरपासून जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर वजनकाटा आणि काट्यावर कोणाची तरी मेथीची जुडी. शाळेत पोचल्यावर दोन किलोचं माप ठेवून काटा तपासला. बरोबर निघाला. दिशा (आमची लॅबवाली, चोवीस वर्षांची, सदा कानात इयरफोन) हसत होती. हसू दे.

नियम साधे. चप्पल काढायची, स्वेटर काढायचा, अनवाणी काट्यावर उभं राहायचं आणि श्वास रोखायचा नाही. एकेचाळीस मुली झाल्या. त्यातली हर्षाली लक्षात राहिली. दहावीत आहे, वय पंधरा, वजन छत्तीस किलो चारशे ग्रॅम, रक्त नऊ पूर्णांक एक. बारा असायला हवं. तिने विचारलं, "बाई, सगळ्यांची सरासरी किती आली?" म्हटलं, अजून काढली नाही. तर पोरीने दिशाच्या कागदावर उलट्या बाजूने बघून एकेचाळीस आकड्यांची बेरीज तोंडी सुरू केली! तिला रक्त तपासणारी व्हायचंय. दिशाच्या सुयांची पेटी तिने तीनदा उघडून बघितली.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. वडील पुंजा, कारखान्यात माल चढवतात, पाळी बदलती. धाकटी बहीण आरोही सातवीत आहे. संमतीच्या कागदावर आजीचा, सगुणाबाईंचा अंगठा. आजी म्हणाली, "घ्या वजन, पर आमच्या पोरीला काय झालं नाय. हाडंच बारीक हाय तिची."

२३ डिसेंबर, सोमवार

हर्षाली गैरहजर. परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि ही बाई मामाकडे नामपूरला! मी जेवणाच्या सुट्टीत तिच्या घरी गेले आणि आजीला चार शब्द सुनावले. दारात मांडवाचे खांब अजून उभे होते. सत्यनारायण झाला म्हणे. मला बुंदीचा लाडू दिला. चांगला झाला होता, दुसराही घेतला. आरोही कोपऱ्यात बसून पाटी पुसल्यासारखी जमीन पुसत होती, माझ्याकडे बघेना. गोळ्यांचं पाकीट तिच्याजवळ ठेवून आले.

२० जानेवारी, सोमवार

हर्षाली आली एकदाची. हातभर हिरव्या बांगड्या. म्हटलं, संक्रांत जोरात झालेली दिसते. ती हसली नाही. थकलेली वाटली, अभ्यासाने असेल.

आज मात्र वाद घातला. पायात जाड काळे मोजे, काढायला तयार नाही. "पाय गार पडत्यात, बाई." मी नियम सांगितला. ती काट्याशेजारी नुसती उभी राहिली. मागे तीस मुलींची रांग. दिशा म्हणाली, "बाई, जाऊ द्या ना." मी असं जाऊ देणाऱ्यातली नाही, पण रडकुंडीला आलेल्या पोरीशी किती भांडणार? शेवटी तिच्या वर्गातल्या एका मुलीचे तसेच मोजे मागून घेतले आणि वेगळे तोलले. पंचेचाळीस ग्रॅम. हर्षालीच्या वजनातून तेवढे वजा केले आणि शेऱ्यात लिहिलं. सदतीस किलो एकशे पाच. रक्त आठ पूर्णांक नऊ. रक्त कमी असलं की हातपाय गार पडतात, तेही शेऱ्यात लिहिलं.

परतताना जीपमध्ये मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटत होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अडतीस किलो आठशे! (मोजे वजा करून.) सहाही गावांत एका महिन्यात एवढं कोणाचं वाढलं नाही. तेजस्विनीला तिथूनच फोन केला. तीही आनंदली, म्हणाली, या मुलीचा आलेख आपण सादरीकरणात घेऊ.

रक्त मात्र आठ पूर्णांक पाच. वजन वर आणि रक्त खाली, हे गणित सुटत नाही. हर्षाली म्हणते, गोळीने मळमळतं, सकाळी उलटी होते. तिला सांगितलं, जेवणानंतर घे, लिंबू पीत जा. "घेते, बाई." मैत्रिणी एका बाकावर आणि ही वेगळ्या बाकावर बसते. भांडण झालं असेल. या वयात आठवड्याला एक तरी होतंच.

शुक्रवारपासून दहावीची परीक्षा. तिला माझं निळं पेन दिलं.

२० मार्च, गुरुवार

आज मी रागावले. नीट लिहून ठेवते, कारण संध्याकाळपासून मनाला लागून राहिलंय.

परवा परीक्षा संपली, म्हणून दहावीच्या मुलींना आज वेगळं बोलावलं होतं. हर्षाली आजीबरोबर आली. चाळीस किलो तीनशे. रक्त आठ पूर्णांक शून्य. दिशाने दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतलं, तेवढंच आलं. मी सरळ विचारलं, "चिक्की खातेस आणि गोळ्या फेकतेस ना?" ती म्हणाली, "शप्पथ, बाई. एक बी चुकवली नाय." मी म्हटलं, "आकडे खोटं बोलत नाहीत. तू बोलतेस." आजी खाली बघत होती. हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चोरी पकडली.

मग आजी पाणी प्यायला बाहेर गेली तशी पोरगी माझ्याजवळ सरकली. "बाई, तुमी दवाखान्याची चिठ्ठी देता ना? मला द्या. मी आता नामपूरला जानार हाय, तिथं दाखवीन." मी म्हटलं, चिठ्ठी आठच्या खाली असेल तर द्यायची. तुझं आठ आहे. "आठाच्या खाली लिवा की मग." मी म्हटलं, वा गं! "चिठ्ठी असली की मग ते निस्तं रक्ताचं बघतील. नायतर नाव इचारत्यात, वय इचारत्यात, आधार मागत्यात." म्हटलं, मग सांगायचं. नाव-वय सांगायला लाजायचं काय त्यात?

दिशा म्हणाली, "बाई, देऊन टाकू ना, कागदच तर आहे." मी दिशाला सर्वांसमोर सांगितलं की आज एकीला दिली तर उद्या आकड्यांना अर्थ राहणार नाही. बरोबरच आहे ते. तरी घरी आल्यावर भाजी करपली. पोरीला खोटारडी म्हणायला नको होतं. पुढच्या महिन्यात भेटली की समजूत काढीन.

१३ मे, मंगळवार

दहावीचा निकाल! शाळेतून यादी मागवली. हर्षाली एकाहत्तर टक्के. गणितात ब्याऐंशी. मी एकटीच असून पाव किलो पेढे आणले आणि शेजारी वाटले. "कोणाचा निकाल?" म्हटलं, आमच्या एका मुलीचा.

एप्रिलमध्ये ती भेटली नव्हती, मे सुट्टीचा. फोन लावला तर आजीने उचलला. "तिकडंच हाय नामपूरला. सांगते." मी म्हटलं, शास्त्र शाखेत घाला, फीचं मी बघते. आजीने "आवाज येत नाय" म्हणून फोन ठेवला. रेंज नसावी.

३० जून, सोमवार

शेवटच्या मोजणीला हर्षाली हवी होती. नियमाप्रमाणे तीन फेऱ्या केल्या. सोळा तारखेला आजी म्हणाली, मामाकडं. तेवीसला म्हणाली, तिकडंच कॉलेजात घातली. मला आनंद झाला, कॉलेजचं नाव विचारलं तर ठाऊक नाही म्हणे. आज दाराला कडी. आत हालचाल होती, पण कोणी उघडलं नाही. काय माणसं असतात! सात महिने आपण यांच्या पोरीसाठी झिजायचं आणि हे दार लावून घेणार.

नामपूरला जाऊन यावं असं दोनदा मनात आलं. सिन्नरहून चार तास. गुडघे दुखतात. 'स्थलांतर' असा शेरा मारून नोंद बंद केली.

२४ जुलै, गुरुवार

आज अक्षर असं आहे की शाळेत मी मुलांचे गुण कापले असते.

आठवीच्या मुलींची यादी करायला शाळेत गेले होते. आरोही शेवटच्या बाकावर होती. मी वर्गातच मोठ्याने विचारलं, "काय गं, ताईचं कॉलेज काय म्हणतंय?"

ती उठून उभी राहिली. हात बाजूला सरळ, धडा म्हणायला उठतात तशी. "ताई मेली, बाई. आखाडात. बाळंतपणात."

वर्गातल्या सगळ्या मुलींना माहीत होतं. सगळ्या पोरींना. फक्त मलाच नाही.

२६ जुलै, शनिवार

आज एकटी गेले. सगुणाबाईंनी या वेळी दार उघडलं, पाण्याचा तांब्या ठेवला. भिंतीवर फोटो नव्हता. म्हणाल्या, सासरच्यांनी नेला.

लग्न डिसेंबरात झालं. नवरा दीपक, नामपूरचाच, कांद्याच्या गाडीवर असतो. परीक्षा होईपर्यंत मुलगी इथेच राहील असं ठरलं होतं, तो येऊन-जाऊन होता. "आई नाय तिला. बाप रातपाळीला. मी म्हातारी, डोळ्यानं दिसंना. वयात आलेली पोर घरात ठिवून आमी काय करावं? चांगलं ठिकाण आलं, दिली." शाळेत कळू नये म्हणून गळ्यातलं काढून ठेवायची, पण जोडवी काढायला सासूची परवानगी नव्हती.

जोडवी. पंचेचाळीस ग्रॅम वजा केले होते मी. ग्रॅमला ग्रॅम.

दवाखान्यात नाव घातलं नाही. वय कळलं की पोलिस केस होते, दोन्ही घरचे पुरुष आत जातात, असं सगळ्यांनी सांगितलं. सातव्या महिन्यात एका पहाटे रक्त जायला लागलं. थांबेल थांबेल म्हणून दुपारपर्यंत वाट बघितली, मग जीप केली. मालेगावच्या वाटेवरच सगळं संपलं. पोटातला मुलगा होता.

"डॉक्टर म्हनला, अंगात रक्तच नव्हतं." मग माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमी तर दर म्हयन्याला तिचं रक्त बघत व्हत्या, बाई. तुमाला कसं नाय दिसलं?"

मला रडू आलं, मी तिथेच रडले. त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला. निघताना पाय धरले माझे. "कुठं बोलू नका. पोर तर गेली. पुंजाला नेलं तर ह्या धाकलीला कोन?" मी शब्द दिला. देवाशप्पथ म्हटलं.

२९ जुलै, मंगळवार

तेजस्विनीला सगळं सांगितलं. तिने संगणकावर हर्षालीचा आलेख उघडला आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. वजनाची रेघ वर जाणारी, रक्ताची खाली येणारी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे चित्र ओळखू येतं, असं ती स्वतःशीच म्हणाली. गरोदरपणात रक्त पातळ होतं. मी विज्ञान शिकवलंय. चौतीस वर्षं.

मी म्हटलं, तो प्रश्न मी गाळला. ती म्हणाली, "बाई, सही माझी होती." मग फाइल बंद करत, "आपल्याला हे कळवायला हवं. कायदाच आहे. पोलिसांना नाही तर बालकल्याण समितीला तरी."

मी म्हटलं, मी म्हातारीला शब्द दिलाय. मुलगी परत येणार आहे का? उलट बाप तुरुंगात गेला तर ती धाकटी उघड्यावर पडेल. "तेजू, मी त्या घरात जाऊन आलेय. तू नाही." ती बघत राहिली आणि मान खाली घातली. नववीत कविता पाठ आली नाही की घालायची तशीच.

घरी आले तरी मला माझं बरोबरच वाटत होतं. पूर्ण नाही, पण बरंचसं. निदान एका माणसाचं तरी ऐकलं मी.

११ ऑगस्ट, सोमवार

आठवीच्या मुलींची पहिली मोजणी. नवी तुकडी, नवे फॉर्म. तेजस्विनीने ते दोन प्रश्न पुन्हा छापून घेतलेत, मला न विचारता. बरं केलं. मी ते खालच्या आवाजात, मुलीला खिडकीपाशी नेऊन विचारत होते. बहुतेक पोरी लाजत होत्या, एकदोघी हसल्या. कोणी मला गावाबाहेर काढलं नाही. विचारायला अर्धं मिनिट लागतं.

आरोही तेराव्या नंबरला आली. मी काही म्हणायच्या आत चपला काढून, नीट जोडून ठेवल्या. एकतीस किलो दोनशे. उंची एकशे बेचाळीस. खिडकीपाशी नेलं. म्हटलं, तुला विचारायची गरज नाही खरं तर, पण सगळ्यांना विचारतेय. लग्न?

"अजून नाय."

मी टिक करायला पेन टेकवलं. अजून, असं ती म्हणाली होती. पेन उचललं. "म्हणजे? ठरलंय?"

"तुळशीचं लग्न लागलं की."

"कोणाशी गं?"

"दाजीशी." तिला ते सांगताना काही वाटत नव्हतं, घरात रोज बोलतात ते सांगावं तसं सांगितलं. "आजी म्हनती, त्यांचं घर मोडलं आमच्यामुळं. ताईची साडी बी तिकडंच हाय, कपाटात. मला मोठी हुईल ती."

तेरा वर्षं. एकतीस किलो दोनशे.

पंधरा दिवसांपूर्वी मी जो शब्द दिला, तो घेताना सगुणाबाईंना हे ठाऊक होतं का? माझे पाय धरले तेव्हा? मला वाटतं, होतं. मला त्या बाईचा राग येत नाही. येतोही. सगळ्यात जास्त कोणाचा येतो ते लिहायची गरज नाही.

दिशाला म्हटलं, रांग थांबव. मैदानाच्या कडेला, सायकली लावतात तिथे गेले. सगुणाबाईंचं घर तिथून दिसतं, दारात वाळत घातलेला आरोहीचा दुसरा गणवेश दिसत होता. शब्द मोडायचा म्हणजे काय ते मला कळत होतं. पुंजाला नेतील. उद्या या गावात आम्हाला कोणी दारात उभं करणार नाही, अभ्यास इथेच बुडेल, तेजस्विनीचं तीन वर्षांचं काम जाईल. म्हातारी मला शाप देईल आणि तिचं चुकणार नाही.

एक-शून्य-नऊ-आठ, मुलांच्या मदतीचा नंबर, लावला. एका मुलाने उचलला, आवाजावरून तिशीचा असेल. मी गाव सांगितलं, तालुका सांगितला. मुलीचं नाव, वय, इयत्ता, नवऱ्या मुलाचं नाव, ठरलेला महिना. मग मोठीबद्दल सांगितलं. ते सांगायला वेळ लागला.

शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही या मुलींच्या कोण?"

शिक्षिका म्हणायला तोंड उघडलं. त्या गावात मी कधी शिकवलं नाही. नात्यातली नाही, गावातली नाही. दिशा खिडकीतून हात करत होती, पोरी काट्याभोवती कलकलाट करत होत्या.

मी म्हटलं, "मी त्यांचं वजन घेते."

"बरं," तो म्हणाला, "लिहून घेतो."